सातशे किलोमीटर आणि एक रोजा

कोल्हापूरच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे सातशे किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ दीड तास, असे माझ्या नातीने नागपूरहून फोनवर वाचून दाखवले. कुठल्याशा संकेतस्थळावर तिला हे सापडले होते. मी ते वहीत टिपून घेतले. माझी सारी नोकरी भूमापनात गेली. आकडा कानावर पडला की तो लिहून ठेवायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लिहून झाल्यावर मात्र मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसलो. जमिनीवर सरळ रेषा सहसा मिळत नाही. मध्ये पऱ्याचे पाणी येते, दगडांचा गडगा येतो, कोणाचा तरी गोठा येतो. मोजणीची साखळी जिथे पडू शकत नाही अशा अंतरावर मी आजवर विश्वास ठेवला नव्हता. आता माझ्या मुलीचा जीव त्याच अंतरावर अवलंबून होता.

मुलगी वासंती नागपूरला असते. तिच्या गर्भाशयात गाठ निघाली, रक्तस्राव थांबेना, आणि शस्त्रक्रिया दोन दिवसांत करावी लागेल असे डॉक्टरांनी ठरवले. तिचा रक्तगट कागदावर 'ओ' होता. पण रक्तपेढीत जुळणी करून पाहिली तेव्हा 'ओ' गटाची एकही पिशवी तिच्या रक्ताशी जुळेना. मग खरा गट कळला. त्याला 'बॉम्बे' म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ'सारखा दिसतो, पण ज्याचा हा गट आहे त्याला त्याच गटाचे रक्त लागते. दुसरे चालत नाही. आमच्या कोकणातल्या काही घराण्यांत तो आढळतो. माझाही तोच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मला ते समजले, आणि तेव्हाच मी वासंतीला फोनवर सांगितले होते की तूही नीट तपासून घे. तिने घेतले नाही. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगण्याची माझी पद्धत नाही. त्या पद्धतीचा मला ह्या वेळी प्रथमच राग आला.

माझे रक्त तिला चालले असते. पण माझे वय चौऱ्याहत्तर आहे आणि रक्तदानाची मर्यादा पासष्ट.

राहिला इस्माईल. त्याचाही गट हाच, आणि तो राजापूरकडच्या नाटे गावचा. मच्छीमार बोट हाकणारा तांडेल आहे, वय एक्केचाळीस. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तपेढीतल्या माणसाने त्याचेच नाव शोधून काढले होते. तो पहिल्या एसटीने रत्नागिरीला आला, दिवसभर रुग्णालयाच्या बाकावर बसला, आणि रक्त लागले नाही म्हणून संध्याकाळी परत गेला. त्यानंतर आमची गाठ फार तर चार वेळा पडली असेल. मी फोन केला तेव्हा त्याने पलीकडून एवढेच विचारले की किती वाजता आणि कुठे.

पिशवी पाठवण्याचाही विचार झाला होता. परंतु रक्त पिशवीतून पाठवायचे तर परवानग्या, बर्फाची पेटी आणि दोन दिवस लागतात. माणसातून पाठवायचे तर तिकीट पुरते. रेल्वेने वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. कोल्हापूरहून नागपूरला दुसऱ्या दिवशी दुपारी विमान होते. ना मी कधी विमानात बसलो होतो, ना इस्माईल.

पाली ते आंबा घाट

सकाळी भाड्याची गाडी करून मी निघालो. निघताना पत्नीने ग्रामदेवीपुढे ठेवलेला नारळ माझ्या पिशवीत घातला आणि वासंतीच्या उशाशी ठेवा म्हणून सांगितले. तिचे गुडघे चालत नाहीत, म्हणून ती आली नाही. 'जाऊन येतो' म्हणालो.

इस्माईलने पालीच्या नाक्यावर भेटायचे ठरले होते. साडेआठला मी पोहोचलो तेव्हा तो तिथे नव्हता. बाजार नुकता उघडत होता. कैऱ्यांच्या पाट्या उतरत होत्या. राजापूरकडून एक एसटी आली, तिच्यातून तो उतरला नाही. दुसरी आली, तिच्यातूनही नाही. फोन लागेना. त्या पाऊण तासात मी नाक्यावरच्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यात त्याचा चेहरा शोधला. त्याचा विचार बदलला असेल तर त्याला दोष देता येणार नाही, हे मला कळत होते. तिसऱ्या गाडीतून तो उतरला. डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पायांत नवे बूट. बुटांनी त्याचे पाय आधीच सोलले होते. ओणीला गाडीचे चाक पंक्चर झाले, असे त्याने सांगितले. मी घड्याळाकडे पाहिले आणि गाडीचे दार उघडले.

साखरप्याच्या पुढे आमचा गाडीवाला चहाला थांबला. वडे गरम होते. मी इस्माईलसाठी दोन मागवले. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर तीन वेळा बजावले होते की रक्त देणारा माणूस उपाशी नको. त्याने पोटभर खाल्लेले आणि भरपूर पाणी प्यायलेले असावे. इस्माईलने बशी हलकेच माझ्याकडे सरकवली.

"रोजा हाय माजा, तात्यानू."

रमजान चालू आहे हे मला माहीत होते. तो रोजा धरून येईल हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मी वडा खाली ठेवला. प्रवासात तुमच्याकडे सूट असते ना, असे मी विचारले. असते, तो म्हणाला. मौलवींनीही तेच सांगितले, बायकोनेही सांगितले. मग, असे मी विचारले. त्याने आकाशाकडे बोट केले.

"विमानाचा काय भरवसा हाय? वरच काय झालं तर निदान रोज्यात जाऊ."

गाडीवाला हसला. इस्माईल हसला नाही. वादळात तीन दिवस समुद्रात राहिलेला माणूस आहे हा. मी त्याला म्हणालो की बोटीवर तर कधी भीती वाटत नाही तुला. त्यावर तो म्हणाला की बोट बुडाली तर पोहता येते.

त्याला रोजा सोड असे मी म्हणू शकत नव्हतो. दुसऱ्याच्या व्रतात आपण बोट घालायचे नाही, असे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. आणि हा माणूस तर माझ्यासाठीच निघाला होता. पण सबंध घाट चढताना माझ्या मनात दोनच गोष्टी फिरत होत्या. पहाटेपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि सूर्यास्ताला अजून नऊ तास होते. घाटात वळणे पुष्कळ आहेत. तरुणपणी ह्याच घाटात मी मोजणीला हिंडलो आहे. त्या दिवशी मला एकही वळण ओळखू आले नाही.

कोल्हापूर

विमानतळ गावाबाहेर आहे आणि एसटीच्या स्थानकापेक्षा शांत. इतकी शांतता मला बरी वाटली नाही. तपासणीच्या यंत्रातून माझी पिशवी गेली आणि तिथल्या जवानाने ती पुन्हा उघडायला लावली. नारळ बाहेर काढला. हा आत नेता येणार नाही, तो म्हणाला. मी कारण विचारले. नियम आहे, तो म्हणाला. मी स्वतः साऱ्या नोकरीत लोकांना हेच उत्तर दिले आहे. देवीपुढचा नारळ त्या पत्र्याच्या टेबलावर ठेवून मी पुढे गेलो. मी अंधश्रद्ध नाही. तरी दोनदा मागे वळून पाहिले, हे लिहिणे भाग आहे.

विमान तीन वाजून पन्नास मिनिटांनी सुटणार होते. मग कळले की ते यायलाच उशीर आहे. साडेचार झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की रक्त रात्री तपासून सकाळी वापरायचे, म्हणून ते नऊच्या आत घेतले गेले पाहिजे. मी पुन्हा हिशेब केला. त्यात आता फारशी ढील उरली नव्हती. जावयाचा फोन आला. वासंतीचे हिमोग्लोबिन आणखी उतरले होते. "बाबा, तुम्ही निघालात ना?" असे त्याने दोनदा विचारले. निघालो आहोत, असे मी म्हणालो. आम्ही अजून खुर्चीवर होतो.

फोन ठेवून पाहतो तो शेजारची खुर्ची रिकामी. पिशवीही नाही.

मी स्वच्छतागृहात पाहिले. पाण्याच्या नळाशी पाहिले. काचेच्या दारापर्यंत जाऊन बाहेर गाड्यांकडे पाहिले. एका मुलीने विमानात बसण्याची सूचना सुरू केली आणि लोक रांगेत उभे राहू लागले. तो पळाला, असे मला वाटले. त्याने तसे केले असते तर ते रास्तच होते, असेही वाटले. आणि त्याच क्षणी मला त्याचा संतापही आला. एक सफाईवाली बाई माझ्याकडे पाहत होती. कोल्हापुरी स्वरात तिने विचारले, "टोपीवालं पावनं हुडकताय व्हय? त्या खांबामागं बगा की."

खांबामागे भिंतीलगत, बूट काढून, हातरुमाल पसरून इस्माईल नमाज पढत होता. त्याच्या टाचांवरची फुटलेली कातडी मला दिसली. मी खांबाच्या अलीकडे उभा राहिलो आणि रांग पुढे सरकताना पाहत राहिलो. त्याला हाक मारली नाही. तो उठला, माझा चेहरा पाहिला, आणि काय समजायचे ते समजला.

"पळेन असा वाटला तुमाला?"

"होय," मी म्हणालो.

"मना पण," तो म्हणाला आणि बूट हातात घेऊन चालू लागला.

आकाशात

माझी खुर्ची खिडकीशी होती, डाव्या बाजूला. इस्माईलला मी खिडकी देऊ केली. त्याने डोळे आधीच मिटले होते. पाच वाजून सात मिनिटांनी विमान उठले. त्या पहिल्या दोन मिनिटांचे वर्णन मी करणार नाही. एवढेच लिहितो की पोट खाली राहिले आणि मी वर गेलो, आणि माझ्या मनगटावर इस्माईलची बोटे इतकी रुतली होती की त्यांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. तो ओठांतल्या ओठांत काही म्हणत होता. मीही म्हणत होतो. काय ते लिहीत नाही.

पुढे विमान स्थिर झाले तेव्हा मी खाली पाहिले. आमच्याकडचे कुणगे, म्हणजे भाताची खाचरे, हात पसरले तर दोन्ही बांधांना लागतील अशी असतात. इथे काळ्या जमिनीचे मोठे पट्टे होते आणि बांध तर दिसतच नव्हते. ज्या हद्दींसाठी माणसे माझ्यासमोर कुऱ्हाडी घेऊन उभी राहिली, त्या वरून दिसत नाहीत, हे मला माहीत असायला हवे होते. ते पाहून मला बरे वाटले नाही. ज्याच्या आधारावर उभे राहायचे तेच खालून काढून घेतल्यासारखे वाटले.

इस्माईलच्या खिशात त्याच्या जमातीचे वेळापत्रक होते. त्या दिवशीचा सूर्यास्त त्यात सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे असा छापला होता. पण ती वेळ रत्नागिरीची. मी त्याला समजावून सांगितले की पूर्वेकडे एक अंश गेले की सूर्य चार मिनिटे आधी मावळतो. नागपूर आपल्यापेक्षा पावणेसहा अंश पूर्वेला आहे. म्हणजे तिथला सूर्यास्त तेवीस मिनिटे आधी, सहा वाजून पंचवीस मिनिटांनी. तोवर आपण नागपूरच्या डोक्यावर असू. तेव्हा पंचवीसला तू पाणी प्यायला हरकत नाही. मला ह्या हिशेबाचा अभिमान वाटला, आणि त्यात माझा स्वार्थ होता हेही मला ठाऊक होते. ती तेवीस मिनिटे मला वासंतीसाठी हवी होती.

त्याने डोळे न उघडताच ऐकून घेतले.

"हिशेब बरोबर हाय, तात्यानू. पण तो खाली उभ्या माणसाचा."

मग त्याने सांगितले की त्याचा आजा गलबतावर होता. रमजानात आजा डोलकाठीवर चढलेला असला तर खालचे खलाशी रोजा सोडून मोकळे होत, आणि त्याला मात्र वरून सूर्य अजून दिसत असे. तो ओरडून सांगे की माझा अजून आहे. खालचे त्याची थट्टा करत. पण जो जिथे आहे त्याने तिथून दिसेल ते धरायचे, असा त्यांच्यात रिवाज होता. डोलकाठीवर चढलेल्याचा रोजा उशिरा सुटतो.

उंचीवरून क्षितिज खाली जाते, हे मला विद्यालयात शिकवले होते. हिशेबात घ्यायचे राहिले ते मीच. चूक भूमापकाची होती, आणि ती डोळे मिटून बसलेल्या तांडेलाने काढली.

"मना बगवत नाय भायर," तो म्हणाला. "तुमी बगा. गेला की सांगा."

सहा वाजून दहा मिनिटांनी विमान खाली येऊ लागले आणि मग यायचे थांबले. धावपट्टी मोकळी नाही, थोडा वेळ लागेल, अशी सूचना झाली. विमान एका अंगावर कलले आणि वळू लागले. पंख सरळ जमिनीकडे रोखला गेला. कोणीतरी लहान मूल रडू लागले. वहीतला दीड तास संपत आला होता आणि आम्ही नागपूरवर घिरट्या घालत होतो, घारीसारख्या. सहा पंचवीस झाले. खाली दिवे लागले होते. तिथे संध्याकाळ होऊन गेली होती. खालच्या मशिदींत माणसे ह्या क्षणी खजूर तोंडात घालत असतील. माझ्या खिडकीत मात्र सूर्य होता. लाल, चपटा, धुरकट, पण होता.

इस्माईलचे ओठ पांढरे पडले होते. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने डोळे मिटलेले होते आणि खजुराची पुडी मुठीत धरलेली होती. 'गेला' हा एक शब्द मी म्हणालो असतो तर त्याने पाणी घेतले असते. त्याला कधीही कळले नसते. पलीकडे वासंती होती. विमान कलले की सूर्य खिडकीच्या चौकटीबाहेर जाई, सरळ झाले की पुन्हा आत येई. जेव्हा तो चौकटीबाहेर जाई तेव्हा तो दिसत नाही असे म्हणणे खोटेही ठरले नसते. असले युक्तिवाद मी मोजणीच्या वादात लोकांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहेत. ते माझ्या मनात किती सहज उगवले, ह्याची मला जास्त भीती वाटली.

"तात्यानू?"

"आहे अजून," मी म्हणालो.

दोन मिनिटांनी त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. माझ्या हातात पाण्याची बाटली होती आणि तिचे झाकण मी केव्हाच काढून ठेवले होते. सहा तेहेतीसला सूर्याची वरची कड एका रेघेएवढी राहिली, मग ठिपक्याएवढी, आणि मग नाही. मी आणखी काही क्षण थांबलो, खात्रीसाठी.

"गेला."

त्याने एक खजूर तोंडात घातला, एक माझ्या हातावर ठेवला, आणि ती बाटली एका दमात रिकामी केली.

नागपूर

नागपूरला हवा कोरडी असते. दारातून बाहेर पडताच नाक आतून सुकले. जावई श्रीकांत गाडी घेऊन उभा होता. इकडच्या बोलीत लोक 'येऊन राहिले', 'करून राहिले' असे म्हणतात. चौकात वाहतूक अडली तेव्हा श्रीकांतने शेजारच्या रिक्षावाल्याला वाट विचारली, आणि तो म्हणाला, "रस्ता तर खोदून राहिले ना जी, तिकडून घ्या." तिकडून घेतले. इस्माईल मागे बसून तांदळाची भाकरी आणि तळलेली सुरमई खात होता. गाडीभर वास सुटला. त्याने श्रीकांतची क्षमा मागितली. श्रीकांत म्हणाला की खा, आणखी खा.

रुग्णालयाच्या रक्तपेढीत साडेसातला पोहोचलो. इस्माईलचे वजन झाले, बोटातून थेंब घेतला, ते ठीक निघाले. मग परिचारिकेने रक्तदाब पाहिला. पुन्हा पाहिला. खूप कमी आहे, ह्यांच्यातून घेता येणार नाही, ती म्हणाली. किती तास उपाशी होते हे? मी सांगितले. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावले. बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी इस्माईलला आडवे केले, पायाखाली उशी दिली, मीठ-साखरेचे पाणी मागवले, आणि म्हणाल्या की एक तास पाहू. तरीही चढला नाही तर आज नाही. आणि मग उद्याची शस्त्रक्रिया रक्ताशिवाय करायची की पुढे ढकलायची, हे ठरवावे लागेल. पुढे ढकलण्यातही धोका आहे, हे त्यांनी जावयाकडे न पाहता, माझ्याकडे पाहून सांगितले.

मी बाही वर केली आणि शेजारच्या खुर्चीवर बसलो.

"माझा तोच गट आहे. माझे घ्या."

"वय काय तुमचं, काका?"

"चौसष्ट."

श्रीकांत जमिनीकडे पाहू लागला. इस्माईलने पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे पाहिले. बाईंनी माझ्या हातावरच्या कातडीकडे पाहिले, मग हळूच माझी बाही खाली केली आणि मनगटापाशी बटण लावले. मला कोणी असे बटण लावून दिल्याला किती वर्षे झाली असतील, ते मला सांगता येणार नाही.

बोलला तो इस्माईल. "तात्यानू, मोजणीत दहा वर्षांची चूक? तुमच्या साहेबांनी मेमो दिला असता."

परिचारिका हसली. बाईही हसल्या. मी हसलो नाही. पण श्वास पुन्हा नीट येऊ लागला. त्यानंतर त्याने तीन ग्लास पाणी, दोन केळी आणि श्रीकांतने आणलेली संत्र्याची बर्फी संपवली. ती बर्फी आमच्याकडच्या आंबावडीपेक्षा गोड आहे आणि तिला आंबटपणा अजिबात नाही, असे मत त्याने दिले. साडेआठला परिचारिकेने पट्टा पुन्हा गुंडाळला. मी भिंतीवरच्या कालनिर्णयातले आकडे वाचत राहिलो. ती म्हणाली, "चढला." नऊला दहा कमी असताना पिशवी भरली. मी ती पाहिली. त्यात काय होते ते मला माहीत होते, तरी ते इतके थोडे असेल असे वाटले नव्हते.

दुसरा दिवस

सकाळी रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर पोहे घेतले. इकडे पोह्यांवर हरभऱ्यांचा लाल रस्सा ओततात. त्याला तर्री म्हणतात. आमच्याकडे पोह्यांवर ओले खोबरे आणि कोथिंबीर, बाकी काही नाही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते पुसावे लागले नाही. सगळ्यांच्याच डोळ्यांतून येत होते. इस्माईलने आज रोजा धरायचा म्हणून पहाटे उठण्याची तयारी ठेवली होती. मी त्याला आदल्या रात्रीच बजावले होते की उद्या रोजा नाही. का, असे त्याने विचारले. मी म्हणतो म्हणून, असे मी सांगितले होते. दुसऱ्याच्या व्रतात बोट घालायचे नाही हे मला तेव्हा आठवले नाही. तो मुकाट्याने पोहे खात होता.

वासंतीला आत नेण्यापूर्वी मला दोन मिनिटे भेटू दिले. तिचा चेहरा कागदासारखा होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विमानाने आलात?" तिला त्याचेच अधिक नवल वाटत होते. मी होय म्हणालो. भीती वाटली का, असे तिने विचारले. मी तिची चादर सारखी केली. मग तिला नेले.

दार बंद झाल्यावर वेळ मोजू नये असे मी ठरवले होते. ते मला जमले नाही. श्रीकांत येरझाऱ्या घालत होता. नात माझ्याजवळ बसून फोनमध्ये काही शोधत होती. काय शोधतेस असे विचारले तर तिने फोन बंद केला. एकदा एक परिचारिका धावत बाहेर आली आणि रक्तपेढीच्या दिशेने गेली, आणि परत येताना तिच्या हातात ती पिशवी होती. रात्रीची. मी ती ओळखली. म्हणजे रक्त गेले आहे, रक्त लागते आहे, आणि ह्याखेरीज दुसरी पिशवी ह्या गावात नाही. इस्माईलला आता तीन महिने देता येणार नव्हते. मी उठून उभा राहिलो. उभे राहून करायचे काही नव्हते, तरी बसता येईना. मी जिन्यापर्यंत गेलो आणि आलो. जिन्याच्या पायऱ्या बावीस होत्या. पुन्हा गेलो, तेव्हाही बावीस होत्या.

बाराच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुखपट्टी खाली ओढली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो आणि ते उघडायला फार वेळ लागला.

"लागली पिशवी," त्या म्हणाल्या. "पुरली."

श्रीकांत भिंतीला टेकून खाली बसला. नात रडू लागली. बाई पुढे काही सांगत होत्या. रक्तस्राव थांबला आहे, दोन दिवस जपायचे, संध्याकाळी भेटता येईल. मी ते ऐकले आणि मग इस्माईलला शोधायला निघालो.

तो व्हरांड्याच्या टोकाला, एका लाकडी बाकावर, कापडी पिशवी उशाशी घेऊन झोपला होता. हातावर कापसाचा बोळा अजून चिकटलेला. नवे बूट बाकाखाली. त्याच्या तोंडावर ऊन येत होते. मी बाकाच्या त्या अंगाला जाऊन उभा राहिलो, ऊन माझ्या पाठीवर येईल असा. नागपूरचे मार्चचे ऊन कडक असते. अर्धा तास तरी मी तसा उभा असेन. येणारे-जाणारे पाहत होते. एका वृद्धाने मला विचारले की मुलगा आहे का तुमचा. मी त्यांना 'हळू बोला' एवढेच म्हणालो.

तेवढ्याने त्याला जाग आली. त्याने एक डोळा उघडला आणि मला तिथे उभा पाहून तो घाबरला.

"पुरली," मी म्हणालो.

त्याने कूस बदलली.

"मग आता मना निजू द्या, तात्यानू. आनी तुमी बसा कुठंतरी."